फाउंड्री: टेस्टपासून लाइव्ह कॉन्ट्रॅक्टवर नजर ठेवण्यापर्यंत, सगळं टर्मिनलमधून

ब्लॉकवाचक

हा धागा काढायचं खूप दिवस मनात होतं. इथे सॉलिडिटीवर (इथेरियमवरचे प्रोग्रॅम लिहायची भाषा) प्रश्न येतात, वॉलेटवर येतात, गॅसवर (व्यवहाराची फी) तर रोजच येतात, पण कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम) एकदा डिप्लॉय झाला, म्हणजे चेनवर चढवला, की त्याच्याकडे कोण बघतं, कसं बघतं, यावर फारच कमी लिहिलं जातं. माझं सगळं काम फाउंड्रीवर चालतं म्हणून त्याच्याच भाषेत लिहितो, दुसरं टूल वापरत असाल तरी मुद्दा तोच राहील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फाउंड्री हा रस्टमध्ये लिहिलेला टूलचा संच आहे, पॅराडाइमच्या लोकांनी २०२१ च्या शेवटी आणला, त्याआधी डॅपटूल्स होतं त्याची कल्पना पुढे नेली. यात चार गोष्टी येतात. फोर्ज बिल्ड आणि टेस्ट करतो, अॅनव्हिल तुमच्या मशीनवर लोकल चेन उभी करतो, चिझेलमध्ये सॉलिडिटीची एकेक ओळ टाकून लगेच उत्तर बघता येतं, आणि कास्ट. कास्ट म्हणजे चेनशी थेट बोलायचं साधन, आणि लोक नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष करतात. फोर्ज टेस्ट हिरवं झालं, डिप्लॉय केलं, एक्सप्लोररवर (चेनवरचे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) व्हेरिफाय केलं, संपलं असं धरून चालतात.

मला सांगायचंय ते एवढंच की टेस्टमध्ये जो नियम तुम्ही लिहिता तोच नियम लाइव्ह चेनवर सतत तपासत राहा. वेगळं मॉनिटरिंग शोधून काढायची गरज नाही, कशावर नजर ठेवायची ते तुम्ही टेस्ट लिहितानाच ठरवलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचा व्हॉल्ट आहे, लोक टोकन ठेवतात, कॉन्ट्रॅक्ट प्रत्येकाचं देणं लिहून ठेवतो. नियम काय? व्हॉल्टच्या पत्त्यावर प्रत्यक्ष असलेलं टोकन हे एकूण देण्यापेक्षा कधीही कमी नसलं पाहिजे. फोर्जमध्ये ही इन्व्हेरियंट (कधीही मोडता कामा नये असा नियम) टेस्ट होते. फंक्शनचं नाव इन्व्हेरियंट या शब्दाने सुरू करायचं, फोर्ज तुमची फंक्शन्स कुठल्याही क्रमाने, कुठल्याही इनपुटने मारत सुटतो आणि प्रत्येक वेळी नियम टिकला का ते बघतो. मात्र उघड्या कॉन्ट्रॅक्टवर सोडलंत तर बहुतेक कॉल रिव्हर्ट (पूर्ण रद्द) होऊन वाया जातात, म्हणून मध्ये एक हँडलर कॉन्ट्रॅक्ट लिहा, त्यात बाउंड वापरून रक्कम शक्य त्या मर्यादेत ठेवा, आणि किती कॉल खरंच यशस्वी झाले ते मोजा. नाहीतर टेस्ट हिरवी दिसते आणि आत काहीच घडलेलं नसतं.

आता तोच नियम लाइव्हवर. कास्ट कॉलने टोकनचा बॅलन्सऑफ व्हॉल्टच्या पत्त्यासाठी विचारा, दुसऱ्या कास्ट कॉलने व्हॉल्टचं एकूण देणं विचारा, दोन्हींची तुलना करा, ठराविक वेळाने क्रॉनमधून चालवा. दोन-तीन ओळींची स्क्रिप्ट. पण इथे तीन ठिकाणी हमखास गडबड होते ती सांगून ठेवतो.

पहिली म्हणजे दोन्ही कॉल एकाच ब्लॉकवर करा. आधी कास्टने ब्लॉक नंबर काढा आणि दोन्ही कॉलला ब्लॉक फ्लॅगने तोच नंबर द्या. नाहीतर पहिला कॉल एका ब्लॉकवर पडतो, दुसरा पुढच्यावर, मध्ये कोणी पैसे ठेवले किंवा काढले की खोटी घंटा वाजते. दुसरी गोष्ट, कास्ट मोठ्या आकड्यापुढे चौकटी कंसात त्याचं छोटं रूपही छापतो, माणसाला वाचायला सोपं पण स्क्रिप्टला नको, पहिला भागच घ्या. आणि तिसरी सगळ्यात वाईट. बॅशमधलं गणित ६४ बिटचं असतं. १८ दशांश असलेल्या टोकनमध्ये साधारण सव्वानऊ टोकनच्या पुढे आकडा त्यात मावतच नाही आणि बॅश एरर न देता चुकीचं उत्तर देतो. तुलना पायथनमध्ये करा किंवा बीसीने करा, बॅशच्या कंसात कधीच नको.

हे सगळं का करायचं, तर २०२२ च्या मार्चमधलं रोनिन ब्रिजचं (ब्रिज म्हणजे एका चेनवरचं टोकन दुसरीवर नेणारी यंत्रणा) प्रकरण आठवा. ९ पैकी ५ व्हॅलिडेटरच्या (व्यवहार मान्य करणाऱ्यांच्या) प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ल्या, हल्लेखोराच्या हातात गेल्या, २३ मार्चला १,७३,६०० इथर आणि २ कोटी ५५ लाख यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं टोकन) बाहेर गेले. आणि कळलं कधी? २९ मार्चला, तेही एका वापरकर्त्याला ५,००० इथर काढता येईनात म्हणून. सहा दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चेनवर ते दिसत होतं. ब्रिजमधला साठा आणि पलीकडे छापलेलं टोकन यांची तुलना करणारी एक साधी स्क्रिप्ट असती तर चोरी थांबली नसती, पण त्याच दिवशी कळली असती.

तुम्ही काय वापरता, कशावर नजर ठेवता, सविस्तर लिहा.

---

नवशिक्या_डेव्ह

खूप छान धागा, वाखू (वाचनखूण) साठवली. दादा, एक अगदी प्राथमिक प्रश्न. मी फाउंड्रीअपने इन्स्टॉल केलं, फोर्ज इनिट केलं, टेस्टही चालल्या. पण टेस्टनेटवर (सरावाच्या चेनवर) डिप्लॉय करताना प्रायव्हेट की कुठे ठेवायची? सगळ्या ट्युटोरियलमध्ये डॉट एन्व्ह फाइलमध्ये टाका म्हणतात किंवा सरळ कमांडमध्येच लिहितात. आणि अॅनव्हिल जी दहा खाती देतो त्यातलंच एखादं टेस्टनेटवर वापरलं तर चालेल का?

---

ब्लॉकवाचक

अॅनव्हिलची खाती बाहेर कुठेही वापरू नका, टेस्टनेटवरसुद्धा नको. ती दहाही खाती जगभर सगळ्यांकडे तीच असतात, एकाच ठरलेल्या शब्दमालेतून निघतात, प्रत्येकात १०,००० खोटे इथर, आणि त्यांच्या प्रायव्हेट की टर्मिनलवरच छापलेल्या असतात. त्या पत्त्यांवर खऱ्या चेनवर काही टाकलं की बॉट ते क्षणात उचलतात.

की साठी कास्ट वॉलेट इम्पोर्ट वापरा, इंटरअॅक्टिव्ह फ्लॅग देऊन. की विचारेल, पासवर्ड विचारेल आणि तुमच्या होम फोल्डरमधल्या फाउंड्रीच्या कीस्टोअरमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवेल. मग डिप्लॉयच्या वेळी अकाउंट फ्लॅगमध्ये फक्त त्याचं नाव द्यायचं, पासवर्ड तो विचारतो. कमांडमध्ये की लिहिलीत तर ती शेलच्या हिस्टरीत राहते, आणि कमांड चालू असताना त्याच मशीनवरच्या प्रोसेसच्या यादीतही दिसू शकते. डॉट एन्व्ह फाइल गिटमध्ये जायला एक घाईतला कमिट पुरतो. मेननेटवर (खऱ्या चेनवर) पैसे हाताळणार असाल तर हार्डवेअर वॉलेट, कास्ट आणि फोर्ज दोघांनाही लेजर आणि ट्रेझर चालतात.

अजून एक, डिप्लॉयमेंट फोर्ज स्क्रिप्टने करायची सवय लावा. ब्रॉडकास्ट फ्लॅग दिल्याशिवाय ती फक्त सिम्युलेशन करते, काय होणार ते आधी बघता येतं. ब्रॉडकास्ट केल्यावर त्याच नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक ट्रान्झॅक्शनची नोंद राहते, कुठला कॉन्ट्रॅक्ट कुठल्या पत्त्यावर गेला, आर्ग्युमेंट काय होती, सगळं. मॉनिटरिंगच्या स्क्रिप्टने पत्ते तिथूनच वाचावेत, हाताने कॉपी करू नयेत.

---

हार्डहॅटकर

मी वर्षानुवर्षं हार्डहॅटवर (फाउंड्रीसारखंच, पण जावास्क्रिप्टवाल्यांचं टूल) आहे आणि त्याची बाजू मांडतो. आमची टीम टाइपस्क्रिप्टवाली, फ्रंटएंड आणि टेस्ट एकाच भाषेत असण्याचा फायदा मोठा आहे, प्लगिनही भरपूर. ट्रफल आणि गनाश ही तशीच जुनी टूल तर कन्सेन्सिस कंपनीने २०२३ मध्ये बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा तिथले बरेच लोक हार्डहॅटवरच आले.

पण कास्टबद्दल मात्र बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). आमच्याकडे हार्डहॅट असूनही प्रत्येकाच्या मशीनवर फाउंड्री असतेच, निव्वळ कास्टसाठी. एखाद्या ट्रान्झॅक्शनचा कॉलडेटा (कॉलबरोबर पाठवलेली माहिती) समोर आला, नुसते हेक्सचे आकडे, तर कास्टच्या फोर-बाइट डिकोडमध्ये टाकला की सिग्नेचरच्या डेटाबेसमधून फंक्शनचं नाव आणि आर्ग्युमेंट समोर. त्यासाठी जावास्क्रिप्टची फाइल उघडून प्रोव्हायडर बनवून एबीआय (कॉन्ट्रॅक्टच्या फंक्शनची यादी) लोड करत बसायचं म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये ठेवता येतात, भांडण्याचं कारण नाही.

---

ऑडिटवाला

ब्लॉकवाचक यांनी लिहिलंय त्यात मी एक मधली पायरी घालतो, फोर्क टेस्ट. लोकल टेस्ट तुमच्या कल्पनेतल्या जगावर चालते, मॉनिटर खऱ्या जगावर. मध्ये फोर्क, म्हणजे खऱ्या चेनची नक्कल, हवा. अॅनव्हिलला फोर्क यूआरएल आणि ब्लॉक नंबर दिला की मेननेटची त्या ब्लॉकची स्थिती तुमच्या मशीनवर वापरता येते, खऱ्या टोकनसकट, खऱ्या प्राइस फीडसकट. मग फोर्ज टेस्टमध्ये व्हीएम डॉट प्रँकने कोणाच्याही पत्त्यावरून कॉल करा, अगदी मल्टिसिगच्या (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटच्या) पत्त्यावरूनसुद्धा. ब्लॉक नंबर मात्र पक्का द्याच. दिला की फाउंड्री तो डेटा कॅश करते आणि टेस्ट पुढच्या वेळी भराभर चालते, नाही दिला तर दरवेळी नवीन ब्लॉक, दरवेळी वेगळा निकाल, आणि आज फेल झालेली टेस्ट उद्या आपोआप पास होते मग कारण शोधत बसा.

फोर्क टेस्ट सगळ्यात जास्त कुठे लागते तर अपग्रेडच्या आधी. नोमॅड ब्रिजचं २०२२ चं उदाहरण मी प्रत्येक नवीन माणसाला समजावून सांगतो कारण ते वाचण्यासारखं आहे. अपग्रेडच्या वेळी इनिशियलाइझ करताना विश्वासू रूट (सिद्ध झालेल्या मेसेजच्या संचाची खूण) म्हणून शून्य ही किंमत गेली. आता सॉलिडिटीत मॅपिंगमध्ये (नाव देऊन किंमत काढायच्या यादीत) जे नाही त्याची किंमत शून्यच येते. म्हणजे जो मेसेज कधीच सिद्ध झालेला नाही त्याचा रूट शून्य, आणि शून्य रूट तर विश्वासू मानलेला, म्हणजे कुठलाही मेसेज मान्य! १ ऑगस्टला एकाने ते वापरलं, बाकीच्यांनी त्याचाच कॉलडेटा कॉपी करून फक्त पत्ता बदलला, आणि काही तासांत सुमारे १९ कोटी डॉलर गेले. कोडची टेस्ट लोकलवर पास होऊ शकते, कारण लोकल टेस्टमध्ये आपण व्यवस्थित रूट देतो. प्रत्यक्ष डिप्लॉय स्क्रिप्ट फोर्कवर चालवून नंतर "असिद्ध मेसेज पाठवला तर रिव्हर्ट झालाच पाहिजे" ही एकच एक्स्पेक्ट-रिव्हर्टची टेस्ट लावली असती तरी ते उघडं पडलं असतं.

म्हणून माझा आग्रह असा की डिप्लॉय स्क्रिप्ट आणि टेस्टचा सेटअप वेगवेगळे लिहू नका. टेस्टच्या सेटअपमधून डिप्लॉय स्क्रिप्टचंच फंक्शन कॉल करा. फोर्जमध्ये स्क्रिप्टही सॉलिडिटीच असल्यामुळे हे सरळ जमतं, आणि फोर्जची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

---

चांदणी०७

वा, नोमॅडचं इतकं सोपं करून पहिल्यांदाच वाचलं.

मी इव्हेंटच्या (काही घडलं की कॉन्ट्रॅक्ट चेनवर सोडतो त्या नोंदींच्या) बाजूने लिहिते, कारण माझं काम तेच. ठराविक वेळाने स्थिती वाचणं हा एक भाग झाला, पण काही गोष्टी घडल्या घडल्या कळायला हव्यात, मालक बदलला, रोल दिला गेला, पॉज झालं, अपग्रेड झालं. त्यासाठी कास्ट लॉग्ज. पत्ता द्या, इव्हेंटची सिग्नेचर द्या, पहिला आणि शेवटचा ब्लॉक द्या. सबस्क्राइब फ्लॅग आणि वेबसॉकेटचा यूआरएल दिला की तो येणारे लॉग दाखवत बसतो.

यात काय काय होतं ते क्रमाने नाही, आठवेल तसं लिहिते. बऱ्याच आरपीसी (चेनचा डेटा नोडकडून देणाऱ्या) सेवा एका विनंतीत किती ब्लॉकचे लॉग मागता येतात यावर मर्यादा घालतात, म्हणून तुकडे करूनच मागा आणि शेवटी तपासलेला ब्लॉक नंबर फाइलमध्ये लिहून ठेवा, स्क्रिप्ट बंद पडून परत चालू झाली की तिथूनच पुढे. वेबसॉकेट तुटतं, आणि तुटल्याचं नेहमी कळतंच असं नाही, त्यामुळे सबस्क्रिप्शन हे फक्त लवकर कळण्यासाठी ठेवा, खरा हिशोब तुकड्यातुकड्याने लॉग मागणाऱ्या स्क्रिप्टचा. इंडेक्स्ड स्ट्रिंग लॉगमध्ये स्ट्रिंग म्हणून मिळत नाही, तिचा नुसता हॅश मिळतो, तेव्हा जे पुढे वाचायचंय ते कॉन्ट्रॅक्ट लिहितानाच इंडेक्स्ड करू नका. हा निर्णय डिप्लॉयनंतर बदलता येत नाही म्हणून मॉनिटरिंगवाल्या माणसाला कॉन्ट्रॅक्टच्या रिव्ह्यूत बसवा, प्लीज!

आणि रीऑर्ग. ब्लॉक बदलू शकतो, तुम्हाला दिसलेला लॉग नंतर रद्द होऊ शकतो, सबस्क्रिप्शनमध्ये असा लॉग रिमूव्हड ट्रू घेऊन परत येतो आणि निम्म्या स्क्रिप्ट ते फील्ड बघतच नाहीत. इथेरियम मर्जनंतर, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून, दर १२ सेकंदाला स्लॉट (एका ब्लॉकची पाळी) असतो, ३२ स्लॉटचा एक ईपॉक, आणि सगळं सुरळीत असेल तर साधारण दोन ईपॉकनंतर, म्हणजे सुमारे १३ मिनिटांनी ब्लॉक फायनल होतो. कास्टला ब्लॉकच्या जागी लेटेस्ट, सेफ किंवा फायनलाइझ्ड हे शब्दही देता येतात. माझा नियम सरळ आहे. धोक्याची सूचना लेटेस्टवर, कारण तेरा मिनिटं थांबणं परवडत नाही. पण ज्या कृतीत पैसे हलतात, म्हणजे समोरच्याला रक्कम जमा दाखवायची वगैरे, ती फायनलाइझ्डवरच.

---

रानवाट

+१. वाचतोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

नवशिक्या_डेव्ह

चांदणी ताई, ऑडिटवाले, खूप शिकायला मिळतंय. अपग्रेडचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. प्रॉक्सीच्या (आलेले कॉल दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या कोडकडे पाठवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या) मागचा कॉन्ट्रॅक्ट बदललाय का हे फक्त अपग्रेडेड इव्हेंटवरूनच कळतं का? एखाद्याने इव्हेंट न पाठवताच बदलला तर?

---

ऑडिटवाला

अगदी नेमका प्रश्न. इव्हेंट पाठवणं हे कोड लिहिणाऱ्याच्या इच्छेवर असतं, स्टोरेज मात्र खोटं बोलू शकत नाही. म्हणून स्टोरेजमधला स्लॉट (ठरलेली जागा) वाचायचा. ईआयपी १९६७ या इथेरियमच्या मानकाप्रमाणे असलेल्या प्रॉक्सीत इम्प्लिमेंटेशनचा (मागच्या कॉन्ट्रॅक्टचा) पत्ता एका ठरलेल्या स्लॉटमध्ये असतो, एका ठरलेल्या स्ट्रिंगचा केचॅक हॅश काढून त्यातून एक वजा करून तो स्लॉट ठरवलाय. कास्टमध्ये त्यासाठी कास्ट इम्प्लिमेंटेशन अशी वेगळी कमांडच आहे, अॅडमिनसाठीही आहे. उत्तर अपेक्षित पत्त्याशी जुळवा, जुळलं नाही की घंटा.

पण सगळे प्रॉक्सी १९६७ वाले नसतात. सेफ मल्टिसिग बघा, तिथे मूळ कॉन्ट्रॅक्टचा पत्ता अगदी शून्य नंबरच्या स्लॉटमध्ये असतो, तो कास्ट स्टोरेजने वाचायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्सचेंजच्या कोल्ड वॉलेटमधून सुमारे ४ लाख इथर, त्या वेळच्या भावाने जवळजवळ दीड अब्ज डॉलर गेले, ते याच स्लॉटमधून. सही करणाऱ्यांना स्क्रीनवर नेहमीसारखं ट्रान्सफर दिसत होतं कारण सेफच्या वेब इंटरफेसमध्येच हल्लेखोराने घुसवलेला कोड होता. प्रत्यक्षात सही होत होती ती डेलिगेटकॉलवर (दुसऱ्याचा कोड आपल्याच स्टोरेजवर चालवणारा कॉल). आणि बघा कसं, ज्या कॉन्ट्रॅक्टला डेलिगेटकॉल जात होता त्यातल्या फंक्शनचं नावही ट्रान्सफरच ठेवलेलं! म्हणजे कोणी कॉलडेटा डिकोड केला असता तरी नाव ओळखीचंच निघालं असतं. त्या ट्रान्सफरने काय केलं तर शून्य नंबरच्या स्लॉटमध्ये हल्लेखोराच्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता लिहिला. पुढे वॉलेट त्यांचं.

यातून घ्यायचं ते हे की नुसता डिकोड केलेला कॉलडेटा बघून समाधान मानू नका. सेफच्या ट्रान्झॅक्शनमध्ये ऑपरेशन नावाचं एक फील्ड असतं, ० म्हणजे साधा कॉल, १ म्हणजे डेलिगेटकॉल. सही करायच्या आधी ते फील्ड आणि कुठल्या पत्त्याला जातंय हे दोन्ही स्वतः वाचा. आणि हॅश स्वतः काढा. सेफच्या कॉन्ट्रॅक्टात गेट-ट्रान्झॅक्शन-हॅश नावाचं व्ह्यू फंक्शन आहे, त्याला कास्ट कॉलने सगळी फील्ड द्या, जो हॅश येईल तो हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर दिसणाऱ्याशी जुळवा. काही वॉलेट पूर्ण हॅश न दाखवता डोमेन आणि मेसेज असे दोन वेगळे हॅश दाखवतात, तेव्हा तेही आधी काढून ठेवावे लागतात. ब्राउझर आणि टर्मिनल शक्यतो वेगळ्या मशीनवर, आरपीसीसुद्धा वेगळी. दोन्हीकडे एकच उत्तर आलं तरच सही.

मॉनिटरमध्ये मी मल्टिसिगसाठी एवढं ठेवतो: शून्य नंबरचा स्लॉट, मालकांची यादी, किती सह्या लागतात तो आकडा, आणि चालू असलेली मॉड्यूल (वॉलेटमधून व्यवहार करायची परवानगी दिलेले कॉन्ट्रॅक्ट). मॉड्यूल लोक हटकून विसरतात, आणि मॉड्यूलला सह्या लागत नाहीत.

---

गॅसची_चिंता

सुरक्षेचं सगळं पटलं, मी जरा रोजच्या कामाचं लिहितो. फोर्ज स्नॅपशॉटबद्दल कोणी बोललंच नाही. प्रत्येक टेस्टला किती गॅस लागला ते एका फाइलमध्ये लिहितो, ती फाइल गिटमध्ये ठेवायची, सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या व्यवस्थेत) चेक फ्लॅग देऊन चालवायचं, गॅस बदलला की बिल्ड लाल. रिव्ह्यू करताना डिफमध्येच दिसतं की कोणी लूपमध्ये स्टोरेज वाचायला लागलंय. फझ टेस्टचे (कुठल्याही इनपुटने चालणाऱ्या टेस्टचे) आकडे मात्र इनपुटप्रमाणे हलतात, तर कॉन्फिग फाइलमध्ये फझचा सीड पक्का करा किंवा फझवाल्या टेस्ट स्नॅपशॉटमधून वगळा. फझच्या डिफॉल्टला २५६ रन असतात, लोकलवर ठीक, रात्रीच्या सीआयमध्ये भरपूर वाढवा.

कव्हरेज काढताना "स्टॅक टू डीप" आला तर घाबरू नका, कव्हरेजच्या वेळी ऑप्टिमायझर बंद होतो म्हणून येतो, त्यासाठी आयआर मिनिमम नावाचा फ्लॅग आहे.

आणि जे एकापेक्षा जास्त चेनवर डिप्लॉय करतात त्यांनी ईव्हीएमचं (चेनवर कॉन्ट्रॅक्टचा कोड चालवणारं यंत्र) व्हर्जन कॉन्फिगमध्ये स्पष्ट लिहा. सॉलिडिटी ०.८.२० पासून कंपायलर डिफॉल्टने इथेरियमच्या शांघाय अपग्रेडसाठी कोड बनवायला लागला, त्यात पुश-झिरो हा नवीन ऑपकोड येतो, आणि ज्या चेनला तो माहीत नाही तिथे डिप्लॉय फसतं. एरर वाचून कारण अजिबात कळत नाही.

---

मध्यरात्र

ऑन-कॉल ड्यूटी करणाऱ्याच्या नजरेतून लिहितो. स्क्रिप्ट लिहिणं सोपं आहे हो, ती जिवंत आहे हे कळणं अवघड. मॉनिटर गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे की मॉनिटरच मेलाय, हे बाहेरून सारखंच दिसतं. म्हणून प्रत्येक यशस्वी फेरीनंतर स्क्रिप्टने कुठेतरी बाहेर खूण पाठवायची, आणि ती खूण ठराविक वेळेत आली नाही तर दुसऱ्याच मशीनवरून घंटा वाजली पाहिजे. खुणेबरोबर तपासलेला ब्लॉक नंबरही पाठवा. कारण आरपीसीचा नोड मागे पडतो, तोच जुना ब्लॉक देत राहतो, कास्ट कॉल यशस्वी होतो, नियमही टिकलेला दिसतो, आणि तुम्ही तासभरापूर्वीचं जग बघत बसलेले असता. ब्लॉकचा टाइमस्टॅम्प आणि आपल्या घड्याळातला फरक बघणं ही माझ्या यादीतली पहिली तपासणी, बाकी सगळं त्याच्यानंतर.

दुसरं म्हणजे कास्ट कॉल फेल झाला तर त्याला "नियम मोडला" असं धरू नका आणि "सगळं ठीक" असं तर मुळीच धरू नका. तिसरी अवस्था ठेवा, "माहीत नाही". ती लागोपाठ राहिली तर दुसऱ्या आरपीसीला विचारा, तरीही राहिली तर माणसाला उठवा. बॅशमध्ये कमांड फेल झाल्यावर व्हेरिएबल रिकामं राहतं आणि रिकाम्याची तुलना शून्याशी होऊन भलतंच काहीतरी निघतं, ते खास बघा.

तिसरं, रात्री कशासाठी उठवायचं हे आधी ठरवा. मोठी ट्रान्सफर झाली हे उठवण्याचं कारण नाही, मोठ्या ट्रान्सफर होतच असतात. साठा देण्यापेक्षा कमी झाला, इम्प्लिमेंटेशन बदललं, मालक बदलला, यासाठी उठवा. बाकीचं सकाळच्या चॅनेलवर. दर रात्री खोटी घंटा वाजली की खरी वाजते तेव्हा लोक फोन उलटा ठेवून झोपतात, हे मी टीममध्ये होताना बघितलंय आणि मला त्याची खरोखर धास्ती वाटते.

आणि उठल्यावर करायचं काय? पॉज करायची कमांड आधीच लिहून ठेवलेली हवी, पूर्ण कास्ट सेंड, पत्त्यासकट, अकाउंटच्या नावासकट. पॉज करण्याचा अधिकार असलेली की वेगळी ठेवा, तिला फक्त पॉज करता यावं, अनपॉज किंवा अपग्रेड नाही, म्हणजे ती ऑन-कॉल माणसाकडे ठेवायला भीती नाही. तिच्यात गॅससाठी इथर आहे का हेही कास्ट बॅलन्सने मॉनिटरमध्येच तपासा. आणि फोर्कवर सराव करा. अॅनव्हिलवर आजचा मेननेट फोर्क करून, एकाने नियम मोडायचा, दुसऱ्याने घंटा आल्यावर पॉज करायचं. पहिल्याच सरावात कळतं की रोल दिलेलाच नाहीये किंवा पासवर्ड सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे आहे.

---

नवशिक्या_डेव्ह

मध्यरात्र, हे तर कुठल्याच डॉक्युमेंटेशनमध्ये वाचलं नव्हतं. शेवटचा प्रश्न, घंटा वाजली, पॉज केलं, मग नेमकं काय झालं ते शोधायची सुरुवात कुठून करायची? एक्सप्लोररवर नुसतं फेल किंवा सक्सेस दिसतं.

---

ब्लॉकवाचक

कास्ट रन. ट्रान्झॅक्शनचा हॅश द्या, तो ती ट्रान्झॅक्शन तुमच्या मशीनवर परत चालवून पूर्ण ट्रेस दाखवतो, कोणी कोणाला कॉल केला, काय परत आलं, कुठे किती गॅस गेला, कुठे रिव्हर्ट झालं. फोर्ज टेस्टला चार व्ही दिल्यावर जसा ट्रेस दिसतो तसाच. त्याच ब्लॉकमधल्या आधीच्या ट्रान्झॅक्शन तो आधी चालवून घेतो म्हणून वेळ लागतो, आणि ते गरजेचं असतं कारण आधीच्या कोणीतरी किंमत हलवलेली असू शकते. क्विक फ्लॅग दिला तर ते वगळतो, पण मग ट्रेस खऱ्याशी जुळेलच असं नाही. जुना ब्लॉक असेल तर आर्काइव्ह नोडची आरपीसी लागेल, साध्या नोडकडे तेव्हाची स्थिती नसते. ती आरपीसी आधीच घेऊन ठेवा, त्या रात्री शोधत बसू नका.

ट्रेस हातात आला की मी त्या ट्रान्झॅक्शनच्या आधीच्या ब्लॉकवर फोर्क टेस्ट लिहितो, क्रिएट-सिलेक्ट-फोर्क वापरून, आणि हल्ला तिथे जसाच्या तसा घडवतो. ती टेस्ट फेल झाली पाहिजे. मग दुरुस्ती, मग तीच टेस्ट पास, आणि मग ती टेस्ट कायमची रेपोमध्ये. मध्यरात्र यांनी "माहीत नाही" ही तिसरी अवस्था सांगितली ती माझ्या स्क्रिप्टमध्ये आजच घालतोय. ज्यांना हँडलर कॉन्ट्रॅक्ट लिहायला अडतंय त्यांनी आपला नियम एका वाक्यात इथे लिहा, कोड टाकायची गरज नाही, तो इन्व्हेरियंटमध्ये कसा बसवायचा ते आपण इथेच बघू.